चिकन-भाताच्या पातेल्यात कॅल्शियम किती? प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

काम ठरलं. घरी शिजवलेलं किंवा कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांना कॅल्शियम कोणतं द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला अजिबात द्यायचं नाही, एवढं सांगणारं एक पानी पत्रक मराठीत तयार करायचं. एक गठ्ठा माझ्या मेडिकलच्या काउंटरवर राहील. दुसरा विश्रामबागेत भटक्या कुत्र्यांसाठी रोज पातेलं चढवणाऱ्या आमच्या गटाकडे.

गरज काउंटरवरूनच कळली. "ताई, कुत्र्यासाठी कॅल्शियमची बाटली द्या की," असं म्हणत लोक येतात, पण कुत्रं जेवतं काय हे कुणी सांगत नाही. खरं तर सगळं त्यावरच अवलंबून आहे. चांगल्या कंपनीचं, 'पूर्ण आहार' असं छापलेलं पाकिटातलं खाद्य खाणाऱ्या निरोगी कुत्र्याला वरून कॅल्शियम लागत नाही. चिकन-भात खाणाऱ्याला लागतंच, रोज लागतं आणि मोजून लागतं. म्हणून पत्रकातला पहिला प्रश्न हाच असेल: जेवतो काय?

५ जून

आज आकडेमोड. नमुना म्हणून आमच्याच पातेल्यातला एक वाटा धरला. १५ किलो वजनाचं, नसबंदी झालेलं गावठी कुत्रं, दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी. त्यात बिनहाडाचं, बिनकातडीचं कच्चं चिकन २५० ग्रॅम, कच्चे तांदूळ १२० ग्रॅम, लाल भोपळा ८० ग्रॅम, कोंबडीची कलेजी २० ग्रॅम आणि तेल १० ग्रॅम. ताट बघितलं तर कुणीही म्हणेल, खानदानी जेवण आहे.

त्यातलं कॅल्शियम मोजलं. चिकनमध्ये १०० ग्रॅमला जेमतेम १० मिलिग्रॅम, तांदळात त्याहून थोडं कमी, भोपळ्यात २० च्या आसपास. सगळं मिळून ५०-५५ मिलिग्रॅम. फॉस्फरस मात्र ७०० मिलिग्रॅमच्या घरात, कारण मांस आणि कलेजी दोन्ही फॉस्फरसने भरलेले असतात.

आता गरज. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली प्रौढ कुत्र्यासाठी दर १००० किलोकॅलरीमागे १ ग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. तिथल्याच, पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या 'ॲफको' या संस्थेची किमान मर्यादा १.२५ ग्रॅम आहे. म्हणजे आमच्या कुत्र्याला दिवसाला ८५० ते १०६० मिलिग्रॅम हवं, आणि मिळतं ५५. गरजेचा जेमतेम पंधरावा ते विसावा हिस्सा भरतो.

यातलं गुणोत्तर जास्त महत्त्वाचं. कॅल्शियम आणि फॉस्फरस १:१ ते २:१ च्या दरम्यान असावेत. आमच्या पातेल्यात ते जवळपास १:१३ आहे, तेही उलट्या बाजूने. हे असंच चालू राहिलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडातलं काढून घेतात. हाडं विरळ होतात. पिल्लांत हे फार वेगाने होतं: लंगडणं, वाकलेले पाय, क्षुल्लक उडीने मोडलेलं हाड. प्रौढ कुत्र्यात बराच काळ काहीच दिसत नाही. "आमचा टॉमी पाच वर्षं चिकन-भातावर ठणठणीत आहे" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण ते कॅल्शियम येतंय कुठून हे त्याला दिसत नसतं.

१००० मिलिग्रॅम वरून घातलं तर बेरीज १०५५ होते, फॉस्फरसशी गुणोत्तर दीडास एक. बरोबर मध्यावर. पुढचा सगळा हिशेब या १००० मिलिग्रॅमवर धरणार.

९ जून

घरातले उपाय तपासले, कारण लोक आधी तेच विचारतात.

नाचणी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, नाचणीचं आंबील घाल की, त्यात कॅल्शियमच कॅल्शियम." धान्यांत नाचणी खरोखरच सरस आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय. पण १००० मिलिग्रॅमसाठी २७५ ग्रॅम नाचणी लागते आणि तिच्यातच ८८० किलोकॅलरी भरतात. कुत्र्याचं दिवसाचं पोट नाचणीनेच भरलं, चिकनला जागाच नाही. शिवाय नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. भाताऐवजी थोडी नाचणी जरूर घालावी, पण कॅल्शियमचा खड्डा तिने भरत नाही. काकूंना कागदावर आकडे दाखवले. त्यांनी ते वाचून "मग आमच्या ब्राउनीला काय घालू?" असं विचारलं. पत्रक नेमकं या प्रश्नासाठी हवंय.

दूध-दही. १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाऊण लिटरहून जास्त दूध रोज. बऱ्याच कुत्र्यांचं पोट त्याआधीच बिघडतं.

हाडांचं सूप. हाडं तासन्‌तास उकळली तरी पाण्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं. चव उतरते, चिकटपणा येतो, कॅल्शियम हाडातच राहतं. आणि सूप काढून झाल्यावर ती शिजलेली हाडं कुत्र्यापुढे टाकली तर त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. दोन्हीकडून तोटा.

ऊन. "रोज उन्हात बसतो, ड जीवनसत्त्व मिळतं." माणसाला मिळतं. कुत्र्याच्या त्वचेत ते नगण्यच तयार होतं, कारण ज्या पदार्थापासून ते बनतं तो त्याच्या त्वचेत पुरेसा शिल्लकच राहत नाही. कुत्र्याला ड जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावं लागतं: अंड्याचा बलक, तेलकट मासे किंवा औषध.

पानाचा चुना. गव्हाच्या दाण्याएवढा चुना पाण्यातून घ्यायचा सल्ला आपल्याकडे माणसांना सर्रास दिला जातो, आता तो कुत्र्यांपर्यंत पोचलाय. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जळजळीत अल्कली. जीभ, घसा, अन्ननलिका भाजते. पत्रकात चुन्यापुढे ठळक 'नाही' लिहायचं, त्यावर चर्चा नको.

१४ जून

अंड्याची टरफलं. मला हा सगळ्यात आवडता मार्ग, कारण फुकट आहे आणि त्यात काय आहे ते नीट माहीत आहे. टरफलाचा साधारण ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून भुकटीच्या वजनाच्या ३८ टक्के कॅल्शियम. एका अंड्याच्या टरफलात जवळपास २ ग्रॅम.

कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवाल्या दादांनी बादलीभर टरफलं बाजूला ठेवली. कृती अशी ठरली: वाहत्या पाण्यात धुवायची, आतला चिकट पांढरा राहू द्यायचा नाही, १० मिनिटं खळखळ उकळायची, पसरून वाळवायची, मग कढईत मंद आचेवर कोरडी भाजायची. कच्च्या अंड्यावर साल्मोनेला असू शकतो, म्हणून उकळणं टाळायचं नाही. आतला पातळ पापुद्रा सोलत बसायची गरज नाही, तो फक्त पूर्ण वाळला पाहिजे, नाहीतर भुकटीला वास येतो. मग मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात वाटून मैद्याच्या चाळणीने चाळायची. वर उरलेला रवा परत वाटायचा. बोटांत घेतल्यावर पिठासारखी लागली पाहिजे: खरखरीत तुकडे कमी शोषले जातात आणि टोचतातही.

१००० मिलिग्रॅमसाठी भुकटी लागते २.६ ग्रॅम. म्हणजे ५ मिलीचा सपाट चमचा अर्धा. पण घराघरातले चमचे वेगवेगळे. चहाचा, साखरेचा, पोह्याचा, सगळ्यांना लोक 'छोटा चमचा' म्हणतात. सराफी काट्यावर वजन करूनच द्यायचं. असा काटा चारपाचशे रुपयांत मिळतो, आणि गटात एक असला तरी पुरे.

मोठ्या पातेल्यासाठी: अडीच किलो चिकन आणि १२०० ग्रॅम तांदळाला, म्हणजे अशा दहा वाट्यांना, २६ ग्रॅम भुकटी. आच बंद करून, थोडं निवल्यावर, भात कालवताना भुरभुरायची. तळाशी बसते, म्हणून नीट ढवळायचं. नाहीतर शेवटच्या कुत्र्याला सगळ्यांचं कॅल्शियम.

१७ जून

पाऊस लागला. टरफलं वाळेनात. उन्हाची वाट न बघता थेट कढईत भाजायची, हा बदल कृतीत केला.

२२ जून

आज दुकानाच्या फडताळातल्या सगळ्या कॅल्शियमच्या औषधांची लेबलं वहीत उतरवली. माझ्या कामाचा हा भाग मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मोठ्या अक्षरातला आकडा आणि कामाचा आकडा वेगळे असतात. बघायचं ते एलिमेंटल कॅल्शियम. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, वजनाच्या ४० टक्के. सायट्रेटमध्ये २१ टक्के, लॅक्टेटमध्ये १३, ग्लुकोनेटमध्ये ९. १००० मिलिग्रॅम सायट्रेटची गोळी घेतली तर कॅल्शियम २१० मिलिग्रॅम.

नेहमीची ५०० ची गोळी दिवसाला दोन दिल्या की आमच्या १५ किलोच्या कुत्र्याचं कॅल्शियम भागलं. पण गोळीत एकटं कॅल्शियम नसतं, ड३, म्हणजे ड जीवनसत्त्व, सोबत येतं. बऱ्याच गोळ्यांत २५० युनिट. दोन गोळ्यांचे ५०० युनिट. ॲफकोच्या हिशेबाने ८५० किलोकॅलरी खाणाऱ्या कुत्र्याला ड३ किमान १०६ युनिट हवं आणि कमाल ६४० पर्यंत चालतं. तर २५० वाली गोळी बसते. ५०० युनिटवाली दोनदा दिली की १०००, मर्यादा ओलांडली. १००० आणि २००० युनिटच्या गोळ्याही त्याच फडताळात आहेत आणि पाकिटं दिसायला सारखीच. म्हणून गोळी निवडताना कॅल्शियमआधी ड३ चा आकडा बघायचा. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, सहज बाहेर जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात.

सिरपचं गणित तर लोकांना बसवूनच दाखवायला हवं. लहान मुलांच्या एका बाटलीवर ५ मिलीत कॅल्शियम ८२ मिलिग्रॅम आणि ड३ २०० युनिट. एक चमचा दिला तर कॅल्शियमची गरज बारा आणेसुद्धा नाही, एक आणाभर भागते. बारा चमचे दिले तर कॅल्शियम पुरतं, पण ड३ २४०० युनिट होतं. कमी दिलं तर निरुपयोगी, पुरेसं दिलं तर घातक. घरचं जेवण जेवणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी असलं सिरप पत्रकातून बाद.

लाल चौकटीत दोन गोष्टी. ड३ ची ६०,००० युनिटची सॅशे किंवा कॅप्सूल कुत्र्याच्या वाऱ्यालाही ठेवू नये: १२ किलोच्या कुत्र्याने एक खाल्ली तर किलोमागे ५००० युनिट होतात, आणि विषबाधेची लक्षणं ४००० च्या आसपासच सुरू होऊ शकतात. दुसरं, चघळायच्या शुगर-फ्री गोळ्या आणि गमी. लेबलवर झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत पाडतं. खाल्लं असं कळलं की वाट न बघता पशुवैद्याकडे.

टरफलाच्या भुकटीत ड३ अजिबात नाही, हेही लिहायचं. भुकटी देणाऱ्याने आहारात अंडी किंवा मासा ठेवायचा.

२९ जून

पिल्लं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि पत्रकातली सगळ्यात मोठी चौकट यालाच देणार.

संध्याकाळी एक तरुण जर्मन शेफर्डचं पिल्लू घेऊन आला. "ताई, कान अजून उभे राहिले नाहीत. कॅल्शियम चालू करू?" पिल्लू पाकिटातलं पिल्लांचं खाद्य खातंय. त्याला बसवून सांगितलं: कान कुर्च्यावर, म्हणजे लवचिक मऊ हाडावर, उभे राहतात, आणि दुधाचे दात पडून नवे येतात त्या दिवसांत उभे राहिलेले कानही पुन्हा पडतात. कॅल्शियम ओतल्याने कान उभे राहत नाहीत. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला ते नुकसान करतं.

कारण असं. प्रौढ कुत्र्याचं आतडं गरजेप्रमाणे शोषण कमी-जास्त करतं. लहान पिल्लांत, साधारण पहिले सहा महिने, तो दरवाजा नीट बंद होत नाही: जेवढं पोटात जाईल त्यातला मोठा भाग अंगात शिरतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून ग्रेट डेन पिल्लांवर हे तपासलं. अन्नाच्या कोरड्या वजनात १.१ टक्का कॅल्शियम असलेली पिल्लं ठीक वाढली. ३.३ टक्के मिळालेल्यांच्या हाडांच्या आणि कुर्च्याच्या वाढीत दोष आले. आणि ०.५५ टक्के मिळालेल्यांची हाडं विरळ होऊन मोडली. दोन्ही टोकांना धोका आहे आणि मधली वाट अरुंद आहे.

प्रौढपणी ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी ॲफकोची किमान मर्यादा १००० किलोकॅलरीमागे ३ ग्रॅम आणि कमाल ४.५ ग्रॅम. लॅब्रॅडॉर, शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन सगळी यात येतात. पिल्लाला फॉस्फरसही जास्त लागतो, २.५ ग्रॅम. चिकन-भातातून तेवढा येत नाही, म्हणजे पिल्लाच्या बाबतीत नुसती टरफलाची भुकटी कॅल्शियम भरून काढेल आणि फॉस्फरस अपुरा ठेवेल.

माझं मत स्पष्ट आहे आणि पत्रकात तसंच छापणार. वर्षाच्या आतल्या पिल्लाला घरी अंदाजाने जेवण बनवू नका. पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या. घरचंच द्यायचं असेल तर आहाराचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घ्या.

गाभण कुत्रीचंही इथेच लिहिते. गल्लीतली कुत्री गाभण दिसली की लोक प्रेमाने कॅल्शियम सुरू करतात. गाभणपणात वरून भरपूर कॅल्शियम दिलं की पॅराथायरॉइड सुस्तावतं, आणि पिल्लं दूध ओढायला लागल्यावर अचानक लागणारं कॅल्शियम हाडातून काढायला शरीर तयार नसतं. मग अंग थरथरतं, झटके येतात, जीव जाऊ शकतो. गाभण असताना चांगलं पूर्ण अन्न, कॅल्शियम पशुवैद्याने सांगितल्याशिवाय नाही.

४ जुलै

हाडांची पूड आणि जनावरांची औषधं.

नर्सरीत गुलाबासाठी मिळणारं बोनमील: ते खत आहे. खाण्याच्या दर्जाचं नाही, शिशाची तपासणी झालेली असेलच असं नाही, आणि कुत्र्याने पिशवी फोडून भरपूर खाल्लं तर पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. डोलोमाइट आणि शिंपल्यांची बिनलेबलची पूड शिशाच्याच भीतीने बाद. औषध कंपनीची शिंपल्याच्या कॅल्शियमची गोळी वेगळी, तिची तपासणी होते.

आपल्या भागात गोठे भरपूर, त्यामुळे गाईच्या कॅल्शियमचं पाच लिटरचं कॅन घरात असतंच. "तेच दोन झाकणं घालतो," असं एक काका म्हणाले. काका, ते चारशे-पाचशे किलोच्या दुभत्या जनावराला दिवसाला शंभर मिलीच्या हिशेबाने बनवलेलं आहे, त्यातली जीवनसत्त्वं त्याच मापाची. गाईचं मिनरल मिक्श्चरही कुत्र्याला नको. काकांनी ऐकलं, आणि भुकटीची पुडी घेऊन गेले.

डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, पशुखाद्याच्या दुकानात मिळतं. त्यात कॅल्शियमसोबत फॉस्फरसही बराच असतो. चिकन-भातात फॉस्फरस आधीच पुरेसा आहे, त्यामुळे प्रौढ कुत्र्याला कार्बोनेट सरळ पडतं.

७ जुलै

कच्चं मांस देणाऱ्यांसाठी परिच्छेद लिहिला. कोंबडीच्या माना, पाय, पंख हाडासकट देत असाल तर कॅल्शियम हाडातून येतंच, वरून घालू नका. शी पांढरी, खडूसारखी कोरडी पडायला लागली आणि कुत्रं कुंथत असेल, तर हाड जास्त होतंय. नुसतं बिनहाडाचं मांस आणि कलेजी देणाऱ्याला मात्र हिशेब तोच: १००० किलोकॅलरीमागे भुकटी ३ ग्रॅमच्या आसपास, आणि मांस जास्त असेल तर फॉस्फरसही जास्त, म्हणून किंचित वर. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर कच्च्या कोंबडीतल्या जिवाणूंचा विचार करून शिजवूनच द्यावं, हे माझं मत.

१२ जुलै

पशुवैद्य डॉक्टर दुकानावर आले होते. मसुदा वाचून त्यांनी तीन गोष्टी वाढवायला सांगितल्या. तिन्ही घेतल्या.

पहिली: "रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलंय, म्हणजे आहार बरोबर आहे, असं कुणी समजू नये." शरीर हाडं झिजवून रक्तातला आकडा सांभाळतं. त्यामुळे अहवाल नीट येत राहतो आणि एक्स-रेमध्ये हाडं विरळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आहार तपासायचा तो आहारावरूनच.

दुसरी: म्हाताऱ्या, मूत्रपिंडाच्या आजाराच्या कुत्र्यांना फॉस्फरस असलेली कुठलीही पूड नको, हाडाची नाही, डीसीपी नाही. कार्बोनेट किंवा सायट्रेटही पशुवैद्याच्या सल्ल्यानेच. मुतखडा होऊन गेलेल्यांना तोच नियम.

तिसरी पावसाळ्यात फार कामाची. गोचीड तापासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर त्या जेवणात कॅल्शियमची भुकटी घालायची नाही. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते कमी शोषलं जातं. एन्रोफ्लॉक्सासिनचंही तसंच. गोळी सकाळच्या जेवणात, भुकटी रात्रीच्या.

मी त्यांना विचारलं, कॅल्शियम घातलं की चिकन-भात पूर्ण झाला असं लोक धरून चालतील का? तेही याच काळजीत होते. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती कृती तपासल्या होत्या, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. १९० कृतींत किमान एक पोषकद्रव्य कमी निघालं. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं, हे सगळं उरतं. कॅल्शियमचा खड्डा सगळ्यात मोठा म्हणून आधी तो. बाकीच्यांसाठी वेगळं पत्रक.

२० जुलै

पत्रकाचा मजकूर पक्का. वजनाप्रमाणे तक्ता, फक्त निरोगी प्रौढ कुत्र्यांसाठी, बिनहाडाच्या चिकन-भातावर, दिवसाला टरफलाची भुकटी: ५ किलोला १.२ ग्रॅम, १० किलोला २ ग्रॅम, १५ किलोला २.६, २० किलोला ३.३, ३० किलोला ४.४. वजन दुप्पट झालं की कॅल्शियम दुप्पट होत नाही, कारण लागणारी ऊर्जा त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून तक्त्यातले आकडे कुणी गुणाकार करून पुढे न्यायचे नाहीत, अशी ओळ खाली टाकली.

मागच्या बाजूला तीन चौकटी: पिल्लं, गाभण कुत्री, मूत्रपिंडाचे रुग्ण. तिन्हींत एकच वाक्य, 'आधी पशुवैद्य'.

अक्षरं मोठी ठेवायला सांगितली, काकूंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. छपाई सोमवारी. गटाच्या स्वयंपाकघरात काटा आणि भुकटीचा डबा ठेवला, झाकणावर मार्करने लिहिलं: 'दहा वाटे, २६ ग्रॅम. पिल्लांच्या पातेल्यात नाही.'

पुढचं काम: जस्त आणि आयोडीनची लेबलं उतरवायला घ्यायची.